वाफसा

तुमच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी घर बदलले असेल. कोणी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले असेल, कोणाची बदली झाली असेल, कोणी पोटासाठी शहर गाठले असेल, तर कोणाला शहर सोडून गावाकडे परतावे लागले असेल. अशा वेळी आपण भांडीकुंडी मोजून घेतो, शाळेचे दाखले आणि शिधापत्रिका जपून ठेवतो. एक गोष्ट मात्र सामानाच्या यादीत कधीच नसते. ज्या ऋतूंच्या हिशेबाने आपण आजवर कपडे वाळवले, धान्य भरले, दारे उघडली आणि लावली, त्या ऋतूंची सवय आपल्या नकळत आपल्याबरोबर येते, आणि नव्या गावी ती चुकीचे सल्ले देऊ लागते. तिने मला दिलेला एक सल्ला आमच्या घराला फार महाग पडला. त्या वर्षाची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातील, गुहागर तालुक्यातले, अगदी समुद्रकाठचे. लग्नानंतरची वीस वर्षे डोंबिवलीत गेली. पतींची नोकरी सुटली तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेली पाच एकर जमीन आणि एक जुने घर एवढाच आधार उरला. हे घर बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातील एका खेड्यात आहे. मुलगा शिक्षणासाठी पुण्यात होता. वडील गेल्यापासून माझी आई आमच्याजवळच राहत असे. तिने सत्तरी ओलांडली होती. मे महिन्याच्या मध्यावर आम्ही तिघे त्या घराच्या दारात उतरलो.

या जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग करून बोलतात : घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून जाते. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे तालुके घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही घाटाखालची मंडळी. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जाताना हवा बदललेली अंगाला कळते. घाटावर पडलेले पाणी पैनगंगेतून वर्धेला, तेथून प्राणहिता आणि गोदावरीच्या मार्गाने बंगालच्या उपसागराला जाते. घाटाखालचे पाणी पूर्णा नदी तापीला देते आणि ते अरबी समुद्राला मिळते. गंमत अशी, की घाटावरच्या खडकपूर्णेलाही पूर्णाच म्हणतात, आणि ती मात्र गोदावरीची. एकाच जिल्ह्यात एकाच नावाच्या दोन नद्या दोन समुद्रांकडे निघालेल्या आहेत. पहिल्याच आठवड्यात हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे घाटाखालचं पाणी तरी आपल्याकडे जातं म्हणायचं." तिच्या लेखी 'आपल्याकडे' म्हणजे तेव्हा गुहागरच होते.

आमचे घर धाब्याचे. लाकडी सरांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. जाड भिंती, लहान खिडक्या. आईला त्या खिडक्या पाहूनच गुदमरल्यासारखे झाले. कोकणात उन्हाळ्याच्या दुपारी दारे-खिडक्या सताड उघडतात, कारण समुद्रावरून वारा येतो. तिने येथेही तेच केले. अकरा वाजल्यापासून गरम झळा घरात शिरू लागल्या. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "माय, दारं लावून घ्या. वारा नाही हा, भट्टी हाय." आईने ते मनावर घेतले नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि तिला उठता येईना. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. दिवसभरात तिने दोन फुलपात्री पाणीही घेतले नव्हते. "घाम कुठे आलाय मला? तहान कशाला लागेल?" हा तिचा प्रश्न होता. त्या प्रश्नातच आमचे अज्ञान होते. कोकणातील दमट हवेत घाम अंगावर राहतो, दिसतो, आणि माणूस पाणी मागतो. येथील कोरड्या हवेत तो आला तसा उडून जातो. अंगातले पाणी कमी होत असते आणि कातडी कोरडीच राहते. डॉक्टरांनी तिला सलाईन लावले. रात्री काकूंनी कैरीचे पन्हे आणून दिले आणि पाण्याचा तांब्या आईच्या उशाशी ठेवून तासातासाला विचारत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून आमची दारे सकाळी नऊला लागू लागली आणि संध्याकाळी सहाला उघडू लागली. त्या लहान खिडक्यांचा अर्थ तेव्हा कळला. घाटाखाली पारा ४४-४५ अंशांवर जातो. घाटावर तो थोडा खाली असतो, म्हणून घाटावरची माणसे स्वतःला सुखी समजतात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठी जन्मलेल्या बाईला हे सुख ओळखायला वेळ लागणारच.

रात्री आम्ही धाब्यावर झोपत असू. पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी गल्लीतल्या बायका एकेकीच्या घरी जमून ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, शेवया करीत. आईला ताडमाडाचा आणि आमसुलांचा उन्हाळा ठाऊक होता; येथे तिला पहिल्यांदा एका गोल पाटावर बिबडी थापायला बसवले गेले. तिची बिबडी वाकडी होई. कोणी हसले नाही. फक्त काकूंनी ती आपल्या हाताने गोल करून वाळत टाकली.

आता त्या चुकीकडे येते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धाब्यावर नवी माती टाकून झाली. ७ जूनला मृग लागला. ९ जूनला दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आले आणि तासभर पाऊस झाला. मातीचा वास सुटला, ओढ्याला लाल पाण्याची धार आली, आणि संध्याकाळी निंबाच्या झाडावरून पावशा ओरडू लागला. शेतकरी त्याच्या ओरडण्यात 'पेर्ते व्हा' असे शब्द ऐकतात, हे तुम्हांला माहीत असेलच. मी आणि आई अंगणात उभ्या राहून भिजलो. त्या तासाभरात मला वाटले, की आपण येथले झालो.

बियाणे घरात येऊन पडलेले होते. पाच एकरांपैकी एक एकर विहिरीजवळचे, ते हरभऱ्यासाठी राखायचे. उरलेल्या चार एकरांत सोयाबीन, एकरी तीस किलोची एक पिशवी, असा बेत होता. बियाणे, खत आणि ट्रॅक्टरचे भाडे मिळून खर्च पंचवीस हजारांच्या घरात जात होता. हे पैसे आईने पोस्टातील आपली ठेव मोडून दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पतींनी शेजारच्या बाबांना विचारले. बाबा म्हणजे काकूंचे सासरे. वय ऐंशीच्या पुढे, पण रोज वावरात जाणारे. ते आमच्या बांधावर आले, वाकून त्यांनी हाताने माती उकरली, दोन बोटे आत घातली आणि म्हणाले, "घाई करू नोका. जमिनीले अजून तहान हाय. वाफसा येऊ द्या."

पती थांबायला तयार होते. मी नव्हते. माझ्या माहेरी एकदा पाऊस सुरू झाला, की तो गणपतीपर्यंत मागे वळून पाहत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे मृगाच्या सुरुवातीला जो उशीर करतो, त्याचा तरवा मागे पडतो आणि लावणी रखडते. वीस वर्षे डोंबिवलीत राहूनही ही घाई माझ्या अंगात होती. आईनेही मान हलवली. "आला की तो थांबत नाही," ती म्हणाली. ११ जूनला आम्ही चारही एकर पेरून घेतले.

पाऊस थांबला. तो अठरा दिवस आला नाही.

पाचव्या दिवशी कोंब वर आले. आठव्या दिवशी दोन दोन पाने दिसू लागली, आणि मी मुलाला फोनवरून छायाचित्रे पाठवली. बाराव्या दिवशी पाने दुपारी मिटू लागली. पंधराव्या दिवशी ती सकाळीही मिटलेलीच राहिली. वारा मात्र अखंड होता, आणि आभाळात रोज ढग येऊन पूर्वेला निघून जात होते. त्या दिवसांत आमच्या घरात कोणी कोणाशी फारसे बोलत नव्हते. आई दिवसातून तीनदा अंगणात जाऊन पश्चिमेकडे पाहून येई.

असे का झाले, हे बाबांनी नंतर मला बांधावर बसून समजावले, आणि पुढे कृषी विभागाच्या पत्रकातही तेच वाचायला मिळाले. येथील जमीन काळी आहे. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीत चिकण भाग मोठा असतो. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांत शिरतो. वरची दोन बोटे माती ओली दिसते; खाली धग तशीच असते. सोयाबीनचे बी पातळ सालीचे. वरच्या ओलीवर ते फुगते, रुजते आणि खाली मूळ धाडते, तर तेथे त्याला कोरडी माती लागते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला शेतीखाते दरवर्षी देते. आमच्या पेरणीच्या वेळी किती पाऊस झाला होता, हे आम्ही मोजलेच नव्हते. बाबांनी मात्र दोन बोटांनी तो मोजला होता.

'वाफसा' हा शब्द मी तोपर्यंत पुस्तकात वाचलेला होता. भरपूर पाऊस होऊन जमीन खोलवर भिजावी, मग थोडी उघडीप मिळावी, मातीतले जादा पाणी निथळावे, तिच्यात ओल आणि हवा दोन्ही असाव्यात, आणि हातात घेतली असता ती चिकटू नये की धूळ होऊन उडू नये, या अवस्थेला वाफसा म्हणतात. शब्दात 'वाफ' ऐकू येते. मराठीच्या विद्यार्थ्यांनी असे शब्द शब्दकोशात जरूर पाहावेत. पण काही शब्दांचा अर्थ बांधावर बसूनच पुरता कळतो, आणि कधी कधी त्याची किंमत मोजावी लागते.

त्या आठवड्यात मी कोणाला न सांगता डोंबिवलीच्या घरमालकांना फोन केला. आमच्या खोल्या अजून रिकाम्या होत्या. "दिवाळीपर्यंत थांबतो," ते म्हणाले. मी हो किंवा नाही, काहीच बोलले नाही. रात्री धाब्यावर आई माझ्याजवळ आडवी झाली होती. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "चूक तुझी नाही गं. तू आपल्या पावसावर विश्वास ठेवलास. हा आपला पाऊस नाही." तिने पैशांचा उल्लेख केला नाही. मला तो केला असता तर बरे वाटले असते.

२९ जूनच्या रात्री आर्द्रा नक्षत्रातला पाऊस आला आणि दोन दिवस पडला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दुसऱ्यांदा पेरणी केली. दुबार पेरणी हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात दरवर्षी वाचता. त्या दोन शब्दांमागे एका घराचे पुन्हा उसने मागणे असते. आमच्याजवळ दोनच एकरांपुरते सोयाबीनचे बियाणे घेण्याइतके पैसे होते. मूग-उडदाची वेळ निघून गेली होती. उरलेल्या दोन एकरांसाठी बाबांनी घरची तूर आणि ज्वारी दिली. पैसे विचारले तर म्हणाले, "पिकलं तर बी परत द्या. नाही पिकलं तर पुढल्या साली द्या." त्यांच्या बोलण्यात पुढले साल गृहीत होते. मी मात्र दिवाळीपलीकडे पाहत नव्हते.

मग पाऊस शिकण्याचे दिवस सुरू झाले. कोकणात पाऊस एकच असतो. येथे त्याला नावे आहेत. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो, आणि त्या त्या पंधरवड्याच्या पावसाला शेतकऱ्यांनी नाती लावून टाकली आहेत. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. मघा ही सासू, पूर्वा ही सून. हस्ताचा तो हत्ती. काकू हे सांगू लागल्या तेव्हा आई प्रथमच मोकळेपणी हसली. "सासू आधी का गं?" तिने विचारले. "सासू आधीच राहते, विहीणबाई," काकू म्हणाल्या.

या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साधारण साडेसातशे-आठशे मिलिमीटर, म्हणजे माझ्या माहेरच्या पावसाचा जेमतेम चौथा हिस्सा. तो थोडा असल्यामुळे त्याच्या येण्याइतकाच त्याचा खंडही मोजला जातो. ऑगस्टच्या सुरुवातीला झडी लागली. पाच दिवस सूर्य दिसला नाही, धाबे दोन ठिकाणी गळू लागले, आणि आईचा चेहरा उजळला. "आता खरा पाऊस आला!" ती म्हणाली. त्याच वेळी बाबा ओसरीवर चिंताक्रांत बसले होते. भाताला पाणी साचून हवे. सोयाबीनला, तुरीला, कपाशीला पाऊस पडून थांबावा लागतो. मध्ये उघाड मिळाली नाही तर डवरा चालत नाही, निंदण होत नाही, तण पिकाच्या डोक्यावरून जाते, मुळांना हवा मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. एकाच पावसाकडे एकाच ओसरीवरून दोन म्हातारी माणसे पाहत होती. एकाला तो पुरे झाला होता आणि दुसरीला नुकता कुठे सुरू झाल्यासारखा वाटत होता. सहाव्या दिवशी ऊन पडले. आईने धाब्याकडे, मग पिवळ्या पडलेल्या पिकाकडे पाहिले आणि म्हणाली, "बरं झालं थांबला." ही गोष्ट तिच्या तोंडून मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती.

आमच्या माहेरी श्रावणाच्या पौर्णिमेला ऋतूचा सांधा बदलतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, मग होड्या पाण्यात जायच्या. येथे तो सांधा पंधरा दिवसांनी, श्रावणाच्या अमावास्येला, पोळ्याला येतो. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावतात आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण देतात. आमच्याकडे बैल नव्हते. संध्याकाळी बाबांनी आपली जोडी आमच्या दारात आणून उभी केली. आईने त्यांच्या पायांवर पाणी घातले, ओवाळले आणि पुरणपोळी भरवली. मग आत जाऊन तिने देव्हाऱ्याजवळ ठेवलेला, गुहागरहून आणलेला नारळ बाहेर आणला आणि बैलांसमोर वाढवला. असे करतात की नाही, याची तिला खात्री नव्हती. कोणी तिला अडवले नाही. बाबांनी खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला.

ऑक्टोबरात सोयाबीन काढायला आले आणि परतीच्या पावसाने पुन्हा जीव टांगणीला लावला. कापलेले पीक ताडपत्रीखाली झाकून आम्ही चार रात्री जागून काढल्या. शेवटी मळणी झाली. उशिरा पेरलेल्या दोन एकरांत मिळून सात क्विंटल दाणे आले. पहिल्या पेरणीचे पैसे त्यातून निघणार नव्हते. दुसऱ्या पेरणीचे निघाले.

दिवाळी आली. घरमालकांचा फोन मात्र आला नाही, आणि मीही केला नाही.

थंडीला आई सर्वांत जास्त घाबरत होती. गुहागरला तिने आयुष्यात स्वेटर घातला नव्हता. डिसेंबरात पहाटे पाणी हातात घेववत नसे. त्यातच एका पहाटे धुई उतरली. समोरचे झाड दिसेना. मला ते दृश्य रमणीय वाटले, आणि तेवढ्यात पती डोक्याला मफलर गुंडाळून तुरीकडे धावले. तूर फुलोऱ्यात होती, आणि अशा धुईत फुले गळतात. तोपर्यंत मी येथील प्रत्येक सुंदर गोष्टीच्या मागे एक हिशेब असतो, हे शिकले होते. तरी प्रत्येक वेळी तो मला उशिराच सुचे. त्या वर्षी धुई दोनच दिवस राहिली. तूर वाचली.

विहिरीजवळच्या एकरात हरभरा डोलत होता. पहाटे त्याच्या पानांवर जे दव साचते, ते आंबट असते. पानांतून पाझरणारी आम्ले त्यात उतरतात. येथे त्याला आंब म्हणतात. रात्री हरभऱ्यावर स्वच्छ धोतर पसरून ठेवायचे, पहाटे ते भिजलेले कापड बाटलीत पिळून घ्यायचे, आणि पोट दुखले की चमचाभर द्यायचे, ही जुनी रीत. जानेवारीतील एका पहाटे मी जागी झाले तर आईचे अंथरूण रिकामे होते. मी घाबरून बाहेर पडले. ती आणि काकू हरभऱ्यात होत्या. आईने अंगावर घोंगडी घेतली होती, कानाला रुमाल बांधला होता, आणि त्या दोघी एका धोतराची दोन टोके धरून विरुद्ध दिशांना पीळ देत होत्या. बाटलीत पिवळसर पाणी ठिबकत होते. आईने बोट बुडवून जिभेला लावले आणि डोळे मिटले. "आमसुलासारखं लागतं गं," ती म्हणाली, "पण आमसुलाचं नाही. हे इथलं आंबट आहे."

त्याच दिवशी दुपारी मी डोंबिवलीला फोन केला आणि खोल्या दुसऱ्या कोणाला द्याव्यात, असे सांगितले. याचे कारण मला तेव्हाही नीट मांडता आले नसते. कदाचित असे असेल, की ज्या व्यक्तीसाठी मी परतण्याचा विचार करीत होते, तीच पहाटे पाचला मला न विचारता वावरात गेली होती.

फाल्गुनात बोथ्याच्या घाटातून, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेने खामगावला जाताना पळस फुललेला दिसला. निष्पर्ण डोंगरावर तेवढेच रंग होते. त्याच सुमारास पाण्याची चिंता सुरू झाली. घाटाखाली पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे. तेथे जमिनीत पाणी असले तरी ते खारे. घाटावर पाणी गोडे, पण मार्चनंतर ते खोल जाते. या जिल्ह्याने त्यावर एक मार्ग काढला, तो बुलढाणा पॅटर्न म्हणून ओळखला जातो. महामार्गांच्या कामांना लागणारी माती आणि मुरूम तलावांतून, नाल्यांतून खोदून घ्यायचा. रस्त्याला भराव मिळतो आणि तलावाची खोली वाढते. एप्रिलमध्ये आम्ही लोणारला गेलो. उल्कापाताने झालेल्या त्या विवराच्या कडेवर आई बराच वेळ उभी होती. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले होते. उन्हाळ्यात पातळी घटून खारेपणा वाढला आणि त्यात खारटपणावर जगणारे सूक्ष्मजीव बळावले, असे संशोधकांना आढळले. "समुद्रापासून इतक्या लांब खारं पाणी," आई म्हणाली. यावेळी तिने 'आपल्याकडे' असा शब्द वापरला नाही.

अक्षय तृतीया आली. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे त्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर आणि भोवती अठरा धान्ये मांडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. १८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामान खातेही एप्रिलमध्ये आपला पहिला अंदाज देते. आमच्या गल्लीत दोन्हींची चर्चा झाली. बाबांनी दोन्ही ऐकून घेतली आणि म्हणाले, "दोघांचंही ऐकायचं. पेरायचं मातीचं ऐकून."

मे महिन्यात आईने एक काम अंगावर घेतले. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून तिने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, रोज त्यावर पाणी शिंपडले, आणि आठवड्याने कोंब मोजले. अठ्ठ्याहत्तर निघाले. सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगे, असा नियम आहे. तिने तो आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवला. उभ्या कडांचा एक सपाट बुडाचा डबा अंगणाच्या मध्यावर ठेवून त्याच्या आत मुलाची जुनी मोजपट्टी उभी केली.

यंदा पहिला पाऊस ८ जूनला आला. वास तोच, पावशाचे ओरडणेही तेच. गावातील दोन ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी बाहेर पडले, तेव्हा माझ्या पोटात गेल्या वर्षीची घाई पुन्हा हलली. सवय एका वर्षात जात नाही, हे तुम्हांला सांगायला हवे. मी दारात उभी होते. आई काठी टेकत वावराकडे निघाली, तशी मीही मागोमाग गेले. बांधावर ती सावकाश बसली. खुरप्याने तिने माती उकरली, मनगटापर्यंत हात आत घातला आणि बाहेर काढून बोटे माझ्यापुढे धरली. बोटांच्या टोकांना कोरडी धूळ होती.

"बावीस मिलिमीटर झालाय," ती म्हणाली. "डब्यात पाहिलं मी. थांबायचं."

मग तिने हात पदराला पुसला आणि पश्चिमेकडे पाहिले.